मंगळवारी पाठ, शुक्रवारी दंड. मग पायांचं कधी?

आज बचतीचा किंवा कर्जाचा विषय नाही. आज बोलायचं आहे अंगातल्या ताकदीबद्दल. आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

आपल्या गटातल्या बायकांना गावच्या व्यायामशाळेत दुपारी तासभर वेळ मिळाला. दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. व्यायामशाळेच्या भिंतीवर एक फलक लावलेला आहे. सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार पाय, शुक्रवार दंड, शनिवार पोट. बायकांनी मला विचारलं, "ताई, आम्ही काय करायचं?" मी म्हणाले, "फलकावर त्या त्या वारी जे लिहिलंय ते करा." तीन महिने आम्ही तसंच केलं. मंगळवारी पाठ, शुक्रवारी दंड. दंड चांगले घट्ट झाले, सगळ्या खूश. मग एक दिवस गटाची बैठक संपली आणि आमच्यातल्या अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी सतरंजीवरून उठायला लागल्या. एक हात भिंतीला, दुसरा हात माझ्या खांद्यावर. त्या म्हणाल्या, "तीन महिने लोखंड उचललं गं, पण बूड काही उचलत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाय गुरुवारी होते. आमचा गुरुवार कधी आलाच नाही. छाती सोमवारी, तीही राहिली. फलक खोटा नव्हता, पण तो दोन दिवसवाल्या बायकांसाठी लिहिलेला नव्हता. मग तो कोणासाठी लिहिला होता? शरीराचे असे सहा तुकडे कोणी आणि कधी केले? ते शोधताना जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी आपल्या तालमीपासून सुरू करू. आपल्याकडे पैलवान काय करतो असं विचारलं तर लहान पोरही सांगेल, जोर-बैठका. हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, आणि त्यातच सगळी गोम आहे. जोर काढताना हातांनी जमीन ढकलायची. त्यात छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू काम करते. बैठकीत मांड्या, कुल्ले आणि पोटऱ्या. म्हणजे वरचं अंग आणि खालचं अंग यांची जोडी लावलेली. आज फक्त दंड आणि उद्या फक्त मांडी, असं कोणी वस्ताद सांगत नसे.

पण नुसत्या जोर-बैठकांत एक गोष्ट राहते. ढकलणं होतं, उठणं-बसणं होतं, ओढणं होत नाही. ती उणीव तालमीत दुसऱ्या गोष्टींनी भरून निघे. दोर चढणं, मल्लखांब, हौदातली माती खोऱ्यानं ओढून मोकळी करणं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. मल्लखांबात अंगाचा सगळा भार हातांनी ओढून वर घ्यावा लागतो. आज मुली दोरीचा मल्लखांब करतात, त्यातही तेच. शाळेत आपण जी लेझीम खेळलो तीही मुळात व्यायामाची. लोखंडी साखळी लावलेलं ते धनुष्य, ताणायचं आणि सोडायचं.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, आपल्या संस्थानातल्या शाळांत तो सुरू केला. १९३८ साली त्यांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. नमस्कारातही बघा, एकाच आवर्तनात वाकणं, ताणणं, हातांवर भार घेणं, सगळं येतं. म्हणजे आपल्याकडची जुनी रीत ही सगळं अंग एका वेळी घेण्याची.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी पुरुषांची गोष्ट झाली. तालमीत बायकांना कोण घेत होतं? खरं आहे. पण आपल्या आज्यांना वेगळ्या तालमीची गरजही नव्हती. जात्याचा खुंटा धरून ढकलायचा आणि ओढायचा. उखळात मुसळ वर उचलायचं आणि खाली आणायचं. आडातून पोहरा शेंदायचा, म्हणजे पाठ आणि पकड. हंडा डोक्यावर घेऊन चालायचं. चुलीपुढं उकिडवं बसायचं आणि उठायचं, दिवसातून पन्नास वेळा. ढकलणं, ओढणं, उचलणं, वाहून नेणं, उठबस. एकही राहिलं नाही.

त्या कष्टांचं कौतुक करायला मी ही यादी दिलेली नाही. त्या कष्टात ओझं किती घ्यायचं हे बाईच्या हातात नव्हतं. बाळंतपण झालं तरी पाणी आणायचंच. विश्रांती नाही आणि ताटात शेवटी उरलेलं. ताकद वाढायला काम, पोटभर अन्न आणि आराम, तिन्ही लागतं. आज्यांना त्यातलं एकच भरपूर मिळालं. गिरणी आली, नळ आला, मिक्सर आला, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर ओढणं आणि उचलणं आपल्या दिवसातून गेलं. आता ते मोजून, ठरवून आणि आपल्या मर्जीनं परत आणायचं आहे.

व्यायामशाळेतलं लोखंड युरोप-अमेरिकेतून आलं, म्हणून थोडं तिकडचंही बघू. गंमत म्हणजे तिकडे आधी आपली वस्तू गेली. पैलवान जे मुद्गल फिरवतात ते इंग्रज अधिकाऱ्यांनी इथं पाहिले आणि विलायतेला नेले. १८३४ साली डोनाल्ड वॉकर या लेखकानं व्यायामाच्या पुस्तकात हिंदुस्थानी मुद्गलांचे प्रकार छापले. पुढं हलके मुद्गल तिकडच्या बायकाही फिरवू लागल्या. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युजेन सँडो हा मूळचा जर्मनीचा पैलवान फार गाजला. १८९७ मध्ये त्यानं लंडनला व्यायामाची संस्था काढली. १९०१ मध्ये तिथल्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पिळदार शरीराची मोठी स्पर्धा भरवली. पुढं तो हिंदुस्थानातही दौऱ्यावर येऊन गेला. सँडोनं लोकांना घरी करायला जे तक्ते दिले, त्यात हलके डंबेल घेऊन एकापाठोपाठ एक सगळ्या अंगाचे व्यायाम होते. त्यातही वारांची वाटणी नव्हती.

त्यानंतरची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकन सैन्यात थॉमस डिलॉर्म नावाचे डॉक्टर होते. शिकागोच्या लष्करी इस्पितळात गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेले सैनिक पडून होते. तेव्हाची रीत अशी, की दुखऱ्या पायाला हलकीच हालचाल द्यायची. डिलॉर्म लहानपणी संधिवाताच्या तापानं आजारी पडले होते आणि वजनं उचलून बरे झाले होते. त्यांनी सैनिकांना जड वजन द्यायला सुरुवात केली आणि ते हळूहळू वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. पुढं ठरवलं, की दहा वेळा कसंबसं उचलता येईल ते वजन शोधायचं. पहिली फेरी त्याच्या अर्ध्यानं, दुसरी पाऊण वजनानं आणि तिसरी पूर्ण वजनानं. आज कोणत्याही व्यायामशाळेत "दहा-दहाच्या तीन फेऱ्या मारा" असं सांगतात, त्याचं मूळ बरंचसं इथं आहे. जखमी माणसाला पुन्हा चालता यावं म्हणून ती रीत निघाली.

त्याच काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी ॲबी स्टॉकटन नावाची तरुणी होती. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी. दिवसभर बसून वजन वाढू लागलं, म्हणून तिनं डंबेल हातात घेतले. बाईनं वजन उचललं तर ती पुरुषासारखी दिसेल, असं तेव्हा तिकडेही म्हणत. तिनं वाद घातला नाही, उचलून दाखवलं. १९४४ पासून ती एका व्यायामाच्या मासिकात बायकांसाठी सदर लिहू लागली. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला बायकांची भारोत्तोलनाची अधिकृत स्पर्धा भरवण्यात तिचा पुढाकार होता. आपल्या व्यायामशाळेच्या दारात पहिल्या दिवशी आपण पदर सावरत उभ्या होतो. आपल्या आधी सत्तर-ऐंशी वर्षं कोणी तरी तशीच उभी होती, एवढं लक्षात ठेवा.

१९४७ साली 'मिस्टर अमेरिका' झालेला स्टीव्ह रीव्हज, ज्याचं शरीर जगानं वाखाणलं, तो आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करायचा आणि प्रत्येक वेळी सगळ्या अंगाचा. म्हणजे तोपर्यंत ही रीत शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेतसुद्धा चालत होती.

मग तुकडे कधी झाले? त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत. स्पर्धा वाढल्या, चुरस वाढली. नुसती ताकद नको, मंचावर उभं राहिल्यावर प्रत्येक स्नायू वेगळा उठून दिसला पाहिजे, असं झालं. एका स्नायूचे चार-पाच प्रकार करायचे तर सगळं अंग एका दिवसात बसेना. म्हणून दिवस वाटून घेतले. जो वीडर यांच्यासारख्या मासिकं काढणाऱ्यांनी ही पद्धत घरोघर पोहोचवली. १९५८ साली अमेरिकेत डायनाबॉल नावाची स्टेरॉइडची गोळी बाजारात आली आणि ती या खेळात शिरली. अशा औषधांवर असलेल्या माणसाचा व्यायाम आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. फोटो मात्र त्याचेच छापले गेले आणि वेळापत्रकही त्याचंच भिंतीवर आलं.

या वाटणीलाही शास्त्र आहे बरं का, ते समजून घेऊ. स्नायू दमवला की त्याला सावरायला साधारण दोन दिवस लागतात. आणि कोणताही स्नायू एकटा काम करत नाही. छातीनं ढकलताना दंडाची मागची बाजू मदत करते. पाठीनं ओढताना बेटकुळी मदत करते. म्हणून आज छाती आणि उद्या दंडाची मागची बाजू घेतली, तर त्या बिचाऱ्या दंडाला विश्रांतीच नाही. त्यामुळे जाणकार लोक छातीबरोबर दंडाची मागची बाजू घेतात, पाठीबरोबर बेटकुळी घेतात आणि पाय वेगळे ठेवतात. ढकलणं एक दिवस, ओढणं एक दिवस, पाय एक दिवस. जो पोरगा आठवड्यातून सहा दिवस येतो, त्याच्या पदरात प्रत्येक गोष्ट दोनदा पडते. त्याला हे बरोबर आहे.

आपल्याला का नाही, ते आपल्याच हिशेबानं सांगते. समजा गटातल्या एकीनं सगळे पैसे एकाच ठिकाणी गुंतवले आणि ते ठिकाण बुडालं, तर ती बुडाली. तुकड्यांच्या वेळापत्रकात एक वार चुकला की त्या वाराचं अंग आठवडाभर उपाशी राहतं. आणि आपला वार चुकणारच. लग्नसराई आहे, सुगी आहे, पोराची परीक्षा आहे, सासूबाईंचा दवाखाना आहे. दोन्ही दिवशी सगळं अंग घेतलं, तर एक दिवस चुकला तरी काहीच पूर्ण राहत नाही. थोडं थोडं सगळ्यांत जमा होत राहतं.

ऑलिंपिकमध्ये वजन उचलणाऱ्या बायका बघा. त्यांचे दोनच प्रकार. स्नॅचमध्ये वजन जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर न्यायचं. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर. दोन्हींत पाय, कंबर, पाठ, खांदे सगळे एकत्र लागतात. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये झाली आणि ऑलिंपिकची दारं उघडायला २००० साल उजाडलं. त्याच वर्षी सिडनीला आंध्र प्रदेशातल्या कर्णम मल्लेश्वरीनं एका प्रकारात ११० आणि दुसऱ्यात १३०, मिळून २४० किलो उचललं आणि कांस्यपदक घेतलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. टोकियोच्या स्पर्धेत, २०२१ मध्ये, मणिपूरच्या मीराबाई चानूनं ८७ आणि ११५, मिळून २०२ किलो उचललं. तिचा गट होता ४९ किलो वजनाच्या बायकांचा. लहानपणी ती डोंगरातून सरपणाच्या मोळ्या आणायची. मोळी उचलताना कोणी म्हणत नाही, आज फक्त दंडानं उचलते.

आपल्यासाठी पदकापेक्षा मोठी गोष्ट मात्र हाडांची आहे. पाळी गेल्यानंतर बाईची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात आणि स्नायूही कमी होत जातात. म्हाताऱ्या बाईचं न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं आणि ती अंथरूण धरते, हे आपण घरोघरी पाहिलंय. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मिरियम नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या, पन्नास ते सत्तर वयाच्या चाळीस बायकांवरचा अभ्यास छापला. निम्म्या बायकांनी वर्षभर आठवड्यातून दोनच दिवस जड वजनाचे पाच व्यायाम केले. दोन पायांचे आणि कमरेचे, एक वरून खाली ओढण्याचा, एक पाठीचा, एक पोटाचा. सगळे एकाच दिवशी. त्यांची ताकद आणि तोल सुधारला आणि हाडं टिकली, उलट थोडी वाढली. व्यायाम न केलेल्या बायकांची हाडं त्या वर्षात कमी झाली. त्याच्या चार वर्षं आधी मारिया फियाटारोनी यांनी नव्वदीच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. त्यांच्याही पायांतली ताकद दुपटीच्या पुढे गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं तेही हेच. आठवड्यातून किमान दोन दिवस, सगळ्या मोठ्या स्नायूंचा.

म्हणजे आपले दोन दिवस कमी नव्हते. वाटणी चुकली होती.

म्हणून आम्ही खडूनं आमचा वेगळा फलक लिहिला. त्यावर वार नाहीत, कामं आहेत. दोन्ही दिवशी हीच.

पहिलं, उठबस. बाकावरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. जमू लागलं की छातीशी वजन धरायचं.

दुसरं, ढकलणं. आधी भिंतीला हात टेकून जोर, मग ओट्याएवढ्या उंचीवर, मग जमिनीवर.

तिसरं, ओढणं. एक हात बाकावर टेकून दुसऱ्या हातानं डंबेल कमरेपर्यंत ओढायचा. पोहरा शेंदल्यासारखा.

चौथं, खालून उचलणं. पाठ सरळ ठेवून कुल्ले मागे न्यायचे आणि वजन अंगालगत ठेवून उभं राहायचं. सिलिंडर किंवा धान्याचं पोतं उचलताना कंबर धरते ती इथं चुकल्यामुळे.

पाचवं, दोन्ही हातांत वजन घेऊन ताठ चालणं. त्यात पोट, पकड आणि तोल येतो.

जोडी अशी लावायची, की एक अंग काम करताना दुसरं आराम करेल. उठबस झाली की लगेच ढकलणं, तेवढ्यात पाय विसावतात. खालून उचलणं झालं की थोडं थांबून ओढणं, कारण दोन्हींत पाठ लागते. प्रत्येकी आठ ते दहा वेळा, आधी दोन फेऱ्या, महिन्याभरानं तीन. शेवटचे दोन वेळा जड गेले पाहिजेत, पण श्वास कोंडायचा नाही. दहा सहज होऊ लागले की वजन थोडं वाढवायचं. दोन दिवसांमध्ये निदान एक दिवस विश्रांती. आणि घरी डाळ, शेंगदाणे, अंडं, दूध, जे जमेल ते आपल्याही ताटात वाढून घ्यायचं.

रक्तदाब, हृदयाचं दुखणं, नुकतंच बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया, अंग खाली येण्याचा त्रास, हर्निया, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंग खाली येण्याचं बायका बोलत नाहीत. आशाताईंना तरी सांगा. लाज धरून वजन उचलू नका.

मावशींचं काय झालं, ते सांगून थांबते. नवा फलक लावून चार महिने झाले. परवा बैठक संपल्यावर मी सवयीनं हात पुढं केला. त्यांनी एक हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, जोर लावला आणि उठल्या. भिंत नाही, मी नाही. मला म्हणाल्या, "गुडघ्यावरचा हातबी काढायचाय अजून."

तुम्हीही आज एक करा. भाषण संपलं की खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या आणि हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजा. आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.